मेणाच्या डब्याचे अधिग्रहण

साहेबराव सोनकांबळे यांची मोटार स्वच्छ आहे, अशी लेखी तक्रार १९८६च्या जानेवारीत लातूरच्या टंचाई दक्षता कक्षाकडे दाखल झाली. तक्रार निनावी होती. खाली 'एक जागरूक नागरिक' एवढेच लिहिले होते. हा नागरिक म्हणजे आमच्याच गल्लीतले डाळमिलवाले माणिकप्पा, हे मला ठाऊक होते. कारण कागद माझ्या वहीतला होता आणि मी शाळामास्तर असल्यामुळे शुद्धलेखनही मीच तपासून दिले होते. मजकुराशी माझा काही संबंध नव्हता.

दुष्काळाचे दिवस होते. नळाला दहाव्या दिवशी आधी हवा यायची, मग गंज यायचा आणि बायका भांडून दमल्या की थोडे पाणी यायचे. दर चौथ्या दिवशी टँकर. त्यामुळे गल्लीतली प्रत्येक वस्तू मळकी होती. पडदे मळके, माझे धोतर मळके. माणिकप्पांची अँबेसेडर पांढरी होती असे जुने लोक सांगत. वर डाळमिलींचा पिवळट भुगा दिवसभर उडायचा आणि जे दिसेल त्यावर बसायचा. या सगळ्यात साहेबरावांची गर्द निळी फियाट मात्र अशी चमकायची, की कचेरीला जाणारे लोक तिच्या दारात पाहून भांग पाडायचे. माणिकप्पाही पाडायचे. भांग पाडून झाला की त्यांना राग यायचा.

साहेबराव पाटबंधारे खात्यातून अनुरेखक म्हणून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षे त्यांनी शाईने कालव्यांचे नकाशे काढले. त्यांपैकी काही कालवे पुढे खोदलेही गेले. निवृत्तीनंतर त्यांनी नांदेडच्या एका डॉक्टरची जुनी फियाट घेतली, आणि ज्या हाताने नकाशे काढले त्याच हाताने ते तिची निगा राखू लागले.

त्यांची पद्धत अशी. दिवाळीला दीड बादली पाण्यात त्यांनी मोटार एकदाच धुतली. आधी टप, मग काचा, मग दारे, शेवटी चाके. चाकांचे फडके वेगळे. ते पाणी खाली लिंबाच्या आळ्यात गेले. मग मोटार सावलीत उभी करून, बोटातली अंगठी आणि कमरेचा पट्टा काढून ठेवून, त्यांनी हैदराबादहून आणलेल्या पिवळ्या डब्यातले मेण काढले. एका वेळी हरभऱ्याएवढे. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने लहान लहान गोल फिरवत एकेक पत्रा घ्यायचा. मेण सायीसारखे पांढुरके झाले की दुसऱ्या कोरड्या तुकड्याने पुसायचे. तुकडा हातातून जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापासून पायपुसणे. असे तीन हात. त्यानंतर त्या पत्र्यावर धूळ बसायची, पण टिकायची नाही. रोज सकाळी साहेबराव सुती झुपक्याचा झाडणा अलगद फिरवत आणि धूळ निघून जात असे. पाण्याचा थेंब लागत नसे.

पण हे कक्षाला माहीत नव्हते.

जिल्हा होऊन चार वर्षे होत आली होती. नवा जिल्हा झाला की नवी कार्यालये होतात आणि नव्या कार्यालयांना काम लागते. टंचाई दक्षता कक्ष एका बंद आडत दुकानाच्या माडीवर होता. तिथे चार माणसे आणि दोन खुर्च्या होत्या. पाण्याची नासाडी करणाऱ्यांना शोधणे हे कक्षाचे काम. पण नासाडी करायला गावात पाणीच नव्हते. त्यामुळे चार महिने अहवालात शून्य जात होते, आणि इतके शून्य पाहून वरून विचारणा झाली होती, की कक्ष नक्की काय करतो. अशा वेळी स्वच्छ मोटारीची तक्रार आली.

कक्षाचे प्रमुख गुरुपादप्पा हे निलंग्याकडचे, सरळ आणि प्रामाणिक गृहस्थ. ते कोणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसत. त्यांच्या स्वभावात एकच गोष्ट होती: फॉर्ममधला रिकामा रकाना त्यांना बघवत नसे. ते आपले मदतनीस शेषेराव यांना घेऊन साहेबरावांकडे आले. मी पंच म्हणून हजर होतो. गुरुपादप्पांनी बॉनेटवरून बोट फिरवले, बोट पाहिले, रुमालाला पुसले आणि रुमालही पाहिला. मग फॉर्म काढला.

"मोटार धुता का?"

"दिवाळीपासून न्हाई," साहेबराव म्हणाले.

"मग स्वच्छ कशी?"

साहेबरावांनी शेडमधल्या फळीवरचा पिवळा डबा काढून समोर ठेवला आणि मेणाची सगळी रीत सांगितली. गुरुपादप्पांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग ते म्हणाले, की त्यांना पटले आहे, पण रकाना सातमध्ये 'वाहन स्वच्छ राहण्यास कारणीभूत असलेला पाण्याचा उद्भव' लिहावा लागतो. पाणी जिथून मिळते त्या जागेला सरकारी भाषेत उद्भव म्हणतात. पुढे नळ, आड, बोअर, टँकर, इतर असे छापलेले होते.

"पाणीच न्हाई तर उद्भव कुठून येईल?"

"ते बरोबर आहे. पण रकाना रिकामा राहिला तर फॉर्म परत येतो. मग मला पुन्हा यावं लागेल, तुम्हाला पुन्हा सांगावं लागेल."

साहेबरावांना ते माणूस म्हणून पटले. गुरुपादप्पांनी 'इतर'समोर सुबक अक्षरात लिहिले: मेण. पुढचा रकाना क्षमतेचा. डब्यावर दोनशे ग्रॅम असे होते. गुरुपादप्पांनी २०० लिहिले. त्या आकड्यापुढे 'हजार लिटर' हे शब्द आधीच छापलेले होते; छापील मजकुरात खाडाखोड करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मी पंच म्हणून सही केली. नासाडी आढळून आली नाही, असा निष्कर्ष निघाला. सगळ्यांना बरे वाटले, माणिकप्पा सोडून.

पंधरा दिवसांनी वरून परिपत्रक आले, की टंचाई तीव्र झाल्याने जिल्ह्यातले सर्व खाजगी उद्भव ताबडतोब अधिग्रहित करावेत. शेतकऱ्यांचे आड गेले, बोअर गेले. ज्यांचे जायचे होते त्यांपैकी बहुतेकांनी आधीच यादीतून नाव काढून घेतले होते, त्यामुळे फार काही गेले नाही. 'इतर' या सदराखाली मात्र सबंध जिल्ह्यात एकच उद्भव होता आणि त्याची क्षमता दोन लाख लिटर होती.

शेषेराव हुकूम घेऊन आले तेव्हा साहेबराव हसले. हुकूम दोनदा वाचल्यावर त्यांचे हसू थांबले. डबा फळीवरून काढून तिवईवर ठेवण्यात आला. भोवती चुन्याने गोल आखला. शेडच्या पत्र्यावर पाटी लागली: 'पिण्याच्या पाण्याचा उद्भव क्र. १९. येथे कपडे व जनावरे धुऊ नयेत.' दर सोमवारी शेषेराव येऊन डब्यात चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकू लागले. ते पाहून साहेबराव आत निघून जात.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. चालक बसवंत हा भोकरकडचा, कमी बोलणारा माणूस. त्याने आड कुठे आहे असे विचारले. साहेबरावांच्या पत्नी सरजाबाईंनी तिवईकडे बोट दाखवले. बसवंतने डब्यात पाहिले, मग हुकूम काढून पाहिला, मग पुन्हा डब्यात पाहिले. हुकुमात 'दहा मिनिटे उपसा' असे लिहिलेले होते. त्याने टँकर मागे घेतला, पाइप सोडून डब्यावर टेकवला आणि दहा मिनिटे मोटर चालवली. गल्लीत धूर झाला. मग त्याने पाइप गुंडाळला आणि टँकर चाळीस पावले पुढे आणून आमच्या दारांत उभा केला.

आम्ही घागरी घेऊन उभे होतो. बसवंतने तोटी उघडली. तोटीने थोडी हवा सोडली. बसवंतने पाच मिनिटे वाट पाहून तोटी बंद केली आणि सह्यांचा कागद पुढे केला. प्रत्येक कुटुंबाने 'दोन घागरी पाणी मिळाले' यापुढे सही करायची होती.

"पाणी कुठं मिळालं?" सरजाबाईंनी विचारले.

बसवंत म्हणाला, "मला काय म्हाईत, बाई. सही न्हाई केली तर यादीतून नाव जातंय, येवढं म्हाईत हाय."

हे ऐकून गल्ली विचारात पडली. यादीतून नाव गेले तर उद्या खरे पाणी आले तेव्हा ते कोणाला मिळणार? माणिकप्पांनी पहिली सही केली. त्यांचे बघून बाकीच्यांनी केल्या. आमच्या गल्लीत दोन प्राध्यापक, एक वकील आणि एक बँकेतले साहेब राहतात. सगळ्यांनी नीट, लपेटेदार सह्या केल्या. मीही केली. साहेबराव आणि सरजाबाईंनी केली नाही.

सह्या पूर्ण झाल्याने उद्भव क्रमांक एकोणीस यशस्वी ठरला आणि दोन परिणाम झाले. एक, टँकरच्या रोज दोन फेऱ्या मंजूर झाल्या. दोन, गल्लीला हक्काचा उद्भव मिळाल्यामुळे चौथ्या दिवशी येणारा खरा टँकर बंद झाला. आमच्या बायका आता मैलभर लांबच्या बोअरवरून पाणी आणायच्या, पण दहाच्या आत घरी यायच्या. कारण दहाला बसवंतचा टँकर येई आणि सही करायला घरात माणूस लागे.

साहेबराव कक्षात गेले. किती वेळा गेले ते त्यांनी मला सांगितले होते, पण आता आठवत नाही. गुरुपादप्पांनी प्रत्येक वेळी त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहून समजावले. उद्भव रद्द करता येतो, अवश्य येतो. पण तो आटला आहे असे सिद्ध झाले पाहिजे. डब्यात अजून अर्धे मेण होते, म्हणजे तो आटलेला नव्हता. साहेबराव म्हणाले, ठीक आहे, मी मेण मोटारीला लावून संपवतो. गुरुपादप्पा दुःखाने म्हणाले, की अधिग्रहित उद्भवाचा खाजगी वापर हा गुन्हा आहे.

"साहेब, तुम्ही सोता बगितलं हाय. त्यात पाणी न्हाई."

"मी बघितलंय," गुरुपादप्पा म्हणाले. "माझं बघणं फायलीत नाही. फायलीत सह्या आहेत."

इकडे मोटारीचे हाल सुरू झाले. उद्भवापासून पन्नास फुटांच्या आत पेट्रोलचे वाहन हलवता येत नाही, असा नियम निघाला. मोटार डब्यापासून चार फुटांवर उभी होती. शेषेरावांनी तिच्या दारांना लाखेचे शिक्के मारले. झाडणा फिरवला तर धूळ उद्भवात पडेल, म्हणून झाडण्यालाही मनाई झाली. पंधरा दिवसांत निळी फियाट तुरीच्या भुग्याने पिवळी झाली. भांग पाडायला लोक माझ्या खिडकीच्या काचेकडे येऊ लागले.

साहेबरावांना घाई होती ती वेगळ्याच कारणाने. चाकूरजवळच्या खेड्यात त्यांची थोरली बहीण नागुबाई राहायची. लहानपणी आईबाप गेल्यावर नागुबाईंनी रस्त्याच्या कामावर खडी फोडून या भावाला शिकवले होते. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि लातूरला ऑपरेशनची तारीख मिळाली होती. भावाने मोटार घेतल्याचे त्यांनी ऐकले होते, पाहिली नव्हती. पट्टी निघाल्यावर आक्काच्या डोळ्यांना पहिली गोष्ट दिसावी ती आपली चकचकीत मोटार, असे साहेबरावांनी ठरवले होते. त्यासाठी दिवाळीपासूनचे तीन हात होते. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा मी दुसरीकडे पाहिले.

तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा साहेबराव मोटार सोडवायला गेले. गुरुपादप्पांनी वैद्यकीय कारणासाठी परवानगी देता येते असे सांगितले आणि नियम शोधूनही काढला. फक्त अर्जदाराचे पाणी मिळाल्याचे पत्रक अद्ययावत असायला हवे होते. साहेबरावांचे पत्रक कोरे होते. बेचाळीस दिवसांचे बेचाळीस रिकामे रकाने गुरुपादप्पांनी त्यांच्यासमोर ठेवले आणि नजर खाली वळवली. त्यांना ते बघवत नव्हते.

 साहेबरावांनी पेन काढले आणि बेचाळीस सह्या केल्या. सगळ्या एकासारख्या एक, नकाशावर करायचे तशा. पुढे रोजची सहीही ते करत गेले. घरी आल्यावर ते सरजाबाईंना एवढेच म्हणाले, की उद्या सकाळी चाकूरला निघायचे आहे.

नागुबाई मोटारीत बसण्याआधी दारावरून हात फिरवत राहिल्या.

"सायबा, खरबडीत लागतंय रं."

"धूळ हाय, आक्का. रस्त्यानं येताना बसली."

वाटेत साहेबरावांनी त्यांना डब्याची सगळी हकीकत सांगितली. सरजाबाईंनी नंतर मला सांगितले, की नागुबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "आपल्याला गावच्या आडाला शिवू देत नव्हते. आता सरकारनं घरात आड दिला, तर त्यात मेण." आणि मग त्या इतक्या हसल्या, की साहेबरावांना गाडी कडेला घ्यावी लागली.

ऑपरेशन चांगले झाले. पट्टी निघाली त्या दिवशी साहेबरावांनी मोटार दवाखान्याच्या खिडकीखाली उभी केली होती, पिवळी तशीच. पण नागुबाईंनी मोटारीकडे पाहिलेच नाही. त्या भावाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "लई म्हातारा झालास की रं." साहेबरावांनी दिवाळीपासून मनात जुळवलेला प्रसंग असा हुकला. त्यांना त्याचे वाईट वाटले नाही, असे ते म्हणतात.

महिनाभराने जाड भिंगाचा चष्मा आला, आणि भावाच्या घरी राहणाऱ्या नागुबाईंना जग दिसू लागले. त्या दिवसभर ओट्यावर बसून सगळे निरखायच्या. मुंग्यांची रांग, माझ्या धोतराचा डाग, माणिकप्पांच्या कानातले केस. जे दिसेल ते त्या मोठ्याने सांगायच्या. गल्ली त्यांना थोडी बिचकून असे.

मे महिन्यात मुंबईहून पाहणी पथक येणार असल्याचे कळले. एवढ्याशा जागेतून रोज दोन फेऱ्या आणि एकही तक्रार नाही, असा हा राज्यातला आदर्श उद्भव होता. आदल्या दिवशी गुरुपादप्पा तयारी पाहायला आले. तिवईला रंग दिला होता, पाटी नवी होती. मग त्यांची नजर मोटारीवर गेली. दोन लाख लिटरच्या उद्भवाला लागून इतकी घाण मोटार उभी असेल तर पथक काय म्हणेल? विपुलता दिसली पाहिजे. त्यांनी जागेवरच हुकूम काढला, की मोटार धुवावी.

तासाभरात टँकर आला. यावेळी तो जड चालत होता. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा आमच्या गल्लीत भरलेला टँकर आला होता. चार माणसांनी भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर, कपडे धुण्याचा सोडा टाकून, फरशी घासायच्या ब्रशने मोटार घासली. आधी चाके, मग त्याच ब्रशने टप. साहेबराव एकदाच पुढे झाले आणि म्हणाले, की निदान वरून खाली या. त्यांना चुन्याच्या रेषेबाहेर थांबायला सांगण्यात आले. मोटारीखालून पाणी वाहू लागले तशा आमच्या बायका घागरी, पातेली, तांबे घेऊन धावल्या आणि चाकांशी बसल्या.

शेषेरावांनी त्यांना उठवले. "हे पाणी पिण्यासाठी नाही," ते म्हणाले. "पाहणीसाठी आहे."

बायका उठल्या. माझी बायको एक तांब्या भरून उठली. तो आम्ही तुरटी फिरवून दोन दिवस वापरला.

दुसऱ्या दिवशी अकराला पथक आले. तीन साहेब होते. मोटारीवर ब्रशचे गोल ओरखडे आणि वाळलेल्या पाण्याचे पांढरे ठिपके होते, पण लांबून ती स्वच्छ दिसत होती आणि पथक लांबूनच पाहत होते. बसवंतने पाइप टेकवला, दहा मिनिटे मोटर चालली, धूर झाला. पथकप्रमुखांनी डब्यात डोकावून पाहिले. मग त्यांनी सह्यांची पत्रके मागवली. ती गठ्ठ्याने होती. त्यांनी गल्लीकडे वळून विचारले, की या सह्या तुमच्याच का?

आमच्याच होत्या.

"पाणी येतं का?"

कोणी कोणाकडे पाहिले नाही. सह्या आमच्या आणि पाणी नाही म्हणावे, तर साडेतीन महिने आम्ही काय करत होतो, हा प्रश्न आला असता. माणिकप्पा एक पाऊल पुढे झाले.

"येतं साहेब. फक्त दाब जरा कमी हाय."

वकील म्हणाले, की शेवटच्या घरांना थोडा त्रास होतो. मी म्हणालो, सकाळच्या वेळी दाब बरा असतो. मला बोलताना अडखळायला झाले नाही, याचे नंतर नवल वाटले.

तेवढ्यात नागुबाई ओट्यावरून उतरल्या, चुन्याची रेष ओलांडून तिवईपाशी आल्या आणि चष्मा सारखा करून डब्यात वाकल्या. मग त्यांनी बोट घालून पाहिले आणि ते बोट पथकप्रमुखांच्या तोंडासमोर धरले.

"ह्याच्यात मेण हाय. पाणी कुठंय?"

 पथकप्रमुखांनी गुरुपादप्पांकडे पाहिले.

"यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, सर," गुरुपादप्पा हळूच म्हणाले.

"अस्सं. कधी?"

"मार्चमध्ये."

पथकप्रमुखांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते भल्या मनाचे होते. त्यांनी नागुबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले, की पहिल्या खेपेला पुष्कळदा नीट होत नाही, त्यांच्या आईचेही असेच झाले होते.

साहेबराव पुढे आले. "साहेब, तिला बरोबर दिसतंय."

पथकप्रमुखांनी गठ्ठ्यातले एक पत्रक वर काढले, नाव पाहिले आणि शांतपणे विचारले, "सोनकांबळे तुम्हीच ना? सुरुवातीच्या बेचाळीस दिवसांच्या सह्या तर तुम्ही एकाच शाईने, एका बैठकीत केल्यात."

साहेबरावांनी बहिणीकडे पाहिले. मग ते मागे सरकले आणि मोटारीला टेकून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना मोटारीला टेकलेले मी कधी पाहिले नव्हते.

अहवाल पुढच्या आठवड्यात आला. त्यात म्हटले होते, की उद्भव क्रमांक एकोणीस समाधानकारक असून दाब वाढवण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. पाहणीदरम्यान एका वृद्ध महिलेस उद्भवातील पाणी दिसले नाही; सबब सदर महिलेची शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्याचे स्पष्ट होते. तिची फेरशस्त्रक्रिया शासकीय खर्चाने करावी.

नागुबाईंनी तो कागद साहेबरावांकडून वाचून घेतला आणि गाठोडे बांधले. मला दिसतंय तेवढं बास हाय, म्हणाल्या. साहेबरावांनी पुन्हा वैद्यकीय परवानगी काढून त्यांना चाकूरला पोचवले. परवानगीसाठी पाहणीनंतर राहून गेलेल्या दोन सह्या कराव्या लागल्या.

फेरशस्त्रक्रियेची तारीख मात्र रद्द झालेली नाही. गुरुपादप्पा स्वतः त्यात लक्ष घालत आहेत. एका माणसाचे डोळे आपल्या कक्षामुळे दुरुस्त होतील, याचे त्यांना मनापासून समाधान आहे. तत्पूर्वी एक तपासणी होईल. तीत डबा रुग्णासमोर ठेवला जाईल, आणि ज्यांना त्यातले पाणी व्यवस्थित दिसते असे पाच साक्षीदार शेजारी बसवले जातील. आमच्या गल्लीतून नावे देण्यासाठी चढाओढ झाली. माणिकप्पा, वकील, दोन्ही प्राध्यापक आणि मी, अशी यादी पूर्ण झाली होती. पण एका प्राध्यापकांची बदली परवाच नांदेडला झाली, त्यामुळे एक जागा रिकामी झाली आहे.

शेषेरावांना मी तुमचे नाव सुचवले आहे. टँकर आला, तोटी उघडली, सह्या झाल्या, हे सगळे तुम्ही इथवर माझ्याबरोबर पाहिलेत आणि मध्ये एकदाही काही बोलला नाहीत. तुमची नजर उत्तम आहे. फक्त सही करायला या, दहाच्या आत.